चाक थांबायच्या आत

वरवंटा गडगडत शहाबादी फरशीवरून गेला आणि उंबऱ्याला धडकून थांबला. दुपारच्या दोनला आमच्या गल्लीत इतकी सामसूम असते, की तेवढ्या आवाजानं माझ्या हातातला पेन खाली पडला.

"गंगे, काय चाललंय?"

"आई, ह्यो थांबतच न्हाई. गोल हाय की ह्यो."

गंगू पाच वर्षांची आहे. माझ्या सासूबाई ज्या वर्षी गेल्या त्याच वर्षी झाली, म्हणून त्यांचंच नाव ठेवलं, गंगम्मा. ती तिच्या बाबांच्या चाकाच्या खुर्चीमागं उकिडवी बसली होती. पाट्यावरचा वरवंटा दोन्ही हातांनी उचलून आणून तिनं खुर्चीच्या चाकाला लावून बघितला होता. कालच्या चटणीचं तिखट हातांना लागलेलं, तेच हात फ्रॉकला पुसलेले. खुर्चीत शिवकांत डोळे उघडे ठेवून बसले होते. वरवंटा त्यांच्या उरलेल्या पायाजवळून गेला, तरी त्यांनी तिकडं बघितलं नाही.

"चाकाला दगड लावायचा, हे तुला कोणी सांगितलं?"

"आज्जानं. आज्जा म्हनले, चाक हाय तिथं दगड पायजेच."

मी वरवंटा धुतला, पाट्यावर ठेवला, गंगूचे हात धुतले, ती डोळे चोळायच्या आत. मग तिला चादरीवर आडवं केलं आणि पाठीवर थोपटत राहिले. शिवकांतना भरवून, पुसून, खुर्चीत नीट टेकवून झालं की चारला दूधवाला येईपर्यंतचा वेळ माझा असतो. त्यातला अर्धा असा जातो. उरलेल्या अर्ध्यात मी लिहिते. एका कागदाबद्दल लिहायचंय. तो कागद मी घरात सगळ्यांसमोर खोटा वाचला. खरं काय होतं ते निदान या वहीत तरी असावं.

आम्ही पालमचे. शिवकांत तीन वर्षं शहरातल्या विमानतळावर कामाला होते. पहिल्यांदा सुट्टीला आले तेव्हा शेजारच्या बायका मला विचारायच्या, "काय गं रुद्राणी, तुझा मालक इमान चालवतो म्हनं?" शिवकांत हसायचे. म्हणायचे, "चालवत न्हाई, उभं करतो." विमान उतरून दाराशी येतं, तिथं त्याला जागेवर लावायचं आणि चाकाला रबराचे ठोकळे लावायचे. चॉक म्हणतात त्याला. पाचसहा जणांची तुकडी असते. एक जण समोर उभा राहून दोन दांड्यांनी विमानाला पुढं ये, पुढं ये करतो. दोघं दोन पंखांकडं लक्ष ठेवतात. बाकीचे ठोकळे घेऊन लाल रेषेमागं थांबतात.

"उतरलं की लोकांना वाटतंय सुटलो," ते सांगायचे. "आत लोकं पट्टा सोडून उभं राहायलेत, बॅगा काढायलेत. अन् आमचा धोका तिथून सुरू."

इंजिन पुढून ओढतं, मागून ढकलतं. डोक्यावरची टोपी, गळ्यातला रुमाल, हातातला कागद, काही मोकळं चालत नाही. शिवकांतच्या गळ्यातलं इष्टलिंग मी पातळ कापडाच्या पिशवीत शिवून दिलं होतं. ती पिशवी ते बनियनच्या आत छातीला बांधायचे. अंगावरचं काढा म्हटल्यावर बाकीचे लोक घड्याळ काढायचे, चेन काढायचे. हे साहेबाला म्हणाले होते, "ह्ये निघत न्हाई साहेब, जीव हाय तवर. पर बाहेर बी येनार न्हाई." साहेबानं ओढून बघितलं आणि जाऊ दिलं. माझे टाके किती पक्के आहेत ते साहेबानं सुद्धा बघितलं, असं त्यांनी मला फोनवर तीनदा सांगितलं.

आणि तिथं खडा चालत नाही. इंजिनानं एवढासा खडा ओढला तरी इंजिन बाद. रोज सकाळी ओळीनं चालत जमिनीवरचे खडे, खिळे, बारीकसारीक सगळं वेचायचं. शिवकांत आपल्या वाट्याचे खडे जपून ठेवायचे आणि सुट्टीला येताना गंगूला आणायचे. लोणच्याची एक बरणी भरलीय त्या खड्यांनी. इतक्या दूरचे खडे, पण आपल्या ओढ्यातल्यासारखेच दिसतात.

संध्याकाळी फोन आला की गंगू दोन लाटणी घेऊन मोबाईलसमोर उभी राहायची. ते तिकडून विमान व्हायचे. ती लाटणी हलवून त्यांना पुढं बोलवायची, पुढं, पुढं, आणि मग डोक्यावर लाटण्यांची फुली करायची. फुली म्हणजे थांब. ते लगेच थांबायचे, मोबाईलवर नाक टेकवून. सगळा पडदा नाकानं भरायचा आणि ती हसून हसून खाली बसायची.

मी विचारलं होतं, "तुम्ही ठोकळा कधी लावायचा मग? फुली झाली की?"

"फुली झाली, इंजिन बंद झालं, पोटाखालचा लाल दिवा फिरायचा थांबला, की मग. तवर रेषेच्या मागं." मग जरा थांबून म्हणाले, "नियम तसा हाय."

ते 'नियम तसा हाय' म्हणाले, तिथं मी विचारायला हवं होतं. पण गंगूनं तेवढ्यात मोबाईल घेतला.

आता मामांचं सांगते. मामा म्हणजे माझे सासरे, सांबप्पा. गाव त्यांना अप्पा म्हणतं. त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. तीस वर्षं त्यांनी लोकांचं ट्रॅक्टर चालवलं. कापूस, ऊस, कधी लग्नाचं वऱ्हाड. एकदा सेलूला कापूस घेऊन जाताना देवगाव फाट्याच्या अलीकडं चढाला ट्रॅक्टर बंद पडलं. ब्रेक धरेना. बरोबरच्या माणसानं चाकाला दगड लावायला उशीर केला. भरलेली ट्रॉली मागं सरकायला लागली, तेव्हा मामा स्वतः उडी मारून दगड लावायला गेले. ट्रॉली थांबली. दोन बोटं दगडाखालीच राहिली.

त्यानंतर त्यांनी दगड लावायचं काम कुणाला दिलं नाही. पोटच्या पोराला दिलं. शिवकांत तेव्हा नऊ वर्षांचे. ट्रॉलीच्या कडेला दगड मांडीवर घेऊन बसायचं आणि गाडीचा वेग कमी झाला की उडी मारायची. मामांचं एकच सांगणं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते शंभरदा ऐकलंय. "चाक थांबायच्या आत दगड पायजे. थांबल्यावर कोनीबी लावतंय."

हे ते अभिमानानं सांगायचे. शिवकांतना विमानतळावर नोकरी लागली तेव्हा पेढे वाटताना सुद्धा हेच. "त्येन्ला माहीत न्हाई, कसा मानूस भेटलाय. माजं पोरगं नऊ वर्साचं असल्यापासून चाकाला दगड लावतंय. एकदा बी उशीर न्हाई."

ऑगस्टमध्ये फोन आला. चाक पायावरून गेलं, पडताना डोकं जमिनीवर आपटलं, एवढंच सांगितलं. आम्ही पोचलो तोवर उजवा पाय गुडघ्याखाली काढलेला होता. दीड महिन्यानं घरी आणलं. तेव्हापासून ते बोललेले नाहीत. गिळतात. उजेडाकडं मान वळवतात, कधी कधी. डॉक्टर आता "बघू" सुद्धा म्हणत नाहीत. पुढची तारीख लिहून देतात.

मामांनी सगळं अंगावर घेतलं. सत्तरीला आलेला माणूस लेकाला उचलून न्हाणीत नेतो, अंग चोळतो, कपाळाला विभूती लावतो. सकाळी पूजेला शिवकांतच्या गळ्यातली पिशवी सोडून लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवतात, आणि लेकाची बोटं मिटत नाहीत म्हणून खालून स्वतःच्या तीन बोटांचा आधार देतात. पूजा होईपर्यंत तसेच बसतात. मी बघत नाही. भाकरीचं पीठ मळत राहते.

आणि रोज, एकदा तरी, म्हणायचे, "कोनीतरी उशीर केला असनार. चाकाला येळंवर लावलं असतं तर इमान सरकलंच नसतं. कोनीतरी उशीर केला."

खरं काय झालं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

गेल्या सोमवारी हरिओम आले. हरिओम पेडगावचे, शिवकांतच्याच तुकडीत पंखाकडं लक्ष ठेवायला असतात. एसटीनं आले, उन्हानं लाल झालेले, हातात कंपनीचा लिफाफा. मामा आत शिवकांतना कूस बदलून देत होते. हरिओम स्वयंपाकघराच्या दारातच थांबले.

"वैनी, चौकशी संपली. ह्यो निकालाचा कागद. तुमची अन् अप्पाची, दोघांच्या सह्या पायजेत. मान्य हाय म्हनून."

"आणि मान्य नाही म्हटलं तर?"

"मंग परत बसतेत चौकशीला. तिथं तुमाला दोघांला यावं लागंल. क्यामेऱ्यातलं चित्र लावतेत समोर." त्यांनी आवाज खाली आणला. "अप्पाला नका आनू तिथं. मी बघितलंय त्ये. आता तर नव्या पोरांला शिकवताना दाखवायलेत, कसं करू नये म्हनून. पयल्या दिवशी मी उठून बाहेर गेलो."

मी कागद वाचला. तीन पानं इंग्रजी. बी.ए.ला इंग्रजी होतं माझं, आणि शब्द काही अवघड नव्हते. विमान थांबायच्या रेषेच्या हातभर अलीकडं थांबल्यासारखं झालं. थांबलं नव्हतं. समोरच्या माणसाच्या दांड्यांची फुली झाली नव्हती. लाल दिवा फिरत होता. कर्मचारी संकेताआधी लाल रेषा ओलांडून पुढच्या चाकाजवळ गेला आणि वाकला. विमान हातभर पुढं आलं. कर्मचाऱ्याला नियमाचं प्रशिक्षण दिलेलं होतं. चूक कर्मचाऱ्याची.

"खरं आहे का हे?"

हरिओम भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. "खरं हाय. मी वरडलो. कानाला त्ये आवाज न येनारे गोळे, वरून इंजिन. कोन ऐकतंय?" मग एकदम म्हणाले, "पर वैनी, त्यो रोजच तसा जायचा. तीन वर्सं. दिवा बंद व्हायच्या आत ह्यो चाकापाशी. पाच मानसांचं काम तिघांवर, पुढचं विमान डोक्यावर, साहेब घड्याळ बघत उभा. साहेब म्हनायचा, ह्येच्याकडून शिका, बघा कसा पळतोय. एकदा सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या त्येच्यासाठी. त्या टाळ्या हायत का ह्या कागदात कुटं?"

नव्हत्या. मी तिन्ही पानं परत चाळली.

"कुटून लागली ही सवय त्येला, काय की," हरिओम म्हणाले. "आमी लय डिवचायचो. लगनाला जायलास का रे, म्हनायचो."

मी गॅस बारीक केला. चहा उतू जात होता.

"काय कुजबुजायलाव रे?" बाहेरून मामांचा आवाज आला. "कागद आनलाय न्हवं? बाहेर आना. मी ऐकल्याबिगर सही करत नसतो."

आम्ही बाहेर आलो. मामा बाजेवर बसले, पाय पोटाशी घेऊन. शिवकांत खुर्चीत. गंगू बरणीतले खडे फरशीवर मांडत होती. मी कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बोट ओळीवर सरकत होतं. तोंडानं मी दुसरंच बोलत होते.

"विमान जागेवर आलं," मी म्हटलं. "शिवकांत आपल्या जागी होते. दुसऱ्या बाजूच्या माणसाला चाकाला ठोकळा लावायला उशीर झाला. त्यामुळं विमान सरकलं."

मामांनी बाजेवर थाप मारली.

"म्या म्हनलं व्हतं का न्हाई!"

सहा महिन्यांत त्यांचं तोंड असं उजळलेलं मी बघितलं नव्हतं. ते उठून शिवकांतजवळ गेले, त्यांच्या गालावरून हात फिरवला, त्याच तीन बोटांच्या हातानं. "ऐकलंस का बाळा? कागदावर आलं. तुजी चूक न्हाई. तू कसा चुकशील?" मग माझ्याकडं वळले. "नाव काय त्या मानसाचं?"

"नाव नाही दिलेलं मामा."

"असं कसं? उशीर केला लिव्हलंय, अन् कोनी केला त्ये न्हाई? वाच की परत."

"खरंच नाही."

"मंग सही न्हाई." ते परत बाजेवर बसले, ताठ. "परत चौकशी करा म्हनावं. मी येतो तिथं. त्येला माज्यासमोर उभा करा. तोंड तर बघू दे, कोन हाय त्यो. कवा जायचं हरिओम, सांग."

मी जे खोटं वाचलं होतं तेच आम्हाला चौकशीला घेऊन निघालं होतं, त्या कॅमेऱ्यातल्या चित्रासमोर. मामा खुर्चीत बसलेले मला दिसले. शिवकांत रेषा ओलांडून पळताना दिसले, नऊ वर्षांच्या पोरासारखे, ठोकळा पोटाशी धरून. मामांना ते कुणी समजावून सांगायची गरज पडली नसती. ती उडी त्यांनी ओळखली असती.

हरिओम खाली बघत होते. गंगूचा एक खडा त्यांच्या पायाशी आला होता, तो त्यांनी उचलला.

"अप्पा," ते म्हणाले, "मीच व्हतो त्यो."

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं. ते तसंच मिटलं. हे मी इथं लिहून ठेवते. मी तोंड मिटलं.

मामांनी त्यांच्याकडं वळून बघितलं. मग म्हणाले, "हात दाखव."

हरिओमनी खडा खाली ठेवला आणि दोन्ही हात पुढं केले.

"धाही बोटं हायत," मामा म्हणाले. एवढंच. मला म्हणाले, "कुटं करायची सही?"

मी जागा दाखवली. त्यांनी डाव्या हातानं कागद दाबून धरला आणि उजव्या हातानं एकेक अक्षर काढत नाव लिहिलं. लेकाची चूक मान्य, त्या ओळीच्या बरोबर खाली. मग मी केली. माझी अक्षरं त्यांच्यापेक्षा वेडीवाकडी आली.

"चहा पिऊन जा," मामा हरिओमना म्हणाले. "पर परत ह्या घराची पायरी चढू नको."

हरिओमनी चहा घेतला नाही. मी त्यांच्यामागं कोपऱ्यापर्यंत गेले, चप्पल न घालता.

"कशाला घेतलं अंगावर? मी सांगते मामांना. आत्ता जाऊन सांगते."

"काय सांगनार? पोरगं चुकलं म्हनून? मंग इचारतेत, कसं चुकलं. मंग?" त्यांनी लिफाफा शर्टात घातला. "मला काय कळत न्हाई का वैनी? अप्पा तिथं बसून थांबायच्या आत, थांबायच्या आत करायलेत पयल्यापासून. मागं भेटायला आलो तवाच ऐकलं, मघाशी बोललो न्हाई एवढंच." जरा चालले, परत वळले. "टाळ्या वाजवनाऱ्यात मी बी व्हतो. त्येला मी एकदा तरी म्हनायला पायजे व्हतं, बाबा रे, इथं थांबल्यावर. न्हाई म्हनलो. उलट आमाला बरं व्हतं, त्यो पळायचा म्हनून आमाला पळायला लागत नव्हतं."

"शिवकांतना बघायला याल ना?"

"कसा येऊ?" ते म्हणाले, आणि हसल्यासारखं केलं. "बंदी घातलीय की."

ते स्टँडकडं गेले. शिवकांतना भेटायला येणारं ते एकच माणूस होतं.

मला वाटलं होतं, खोटं बोलले ते तिथं संपेल. मामा दोन दिवस बरे होते. नीट जेवले. "कोनीतरी उशीर केला" म्हणायचे बंद झाले. मला वाटलं, चला, एवढं तरी.

तिसऱ्या दिवशी गंगूला जवळ घेऊन बसले आणि म्हणाले, "हिला शिकवतो आता. दुसऱ्याच्या उशिरानं ह्या घरातलं अजून कोनी जायला नको."

दाराला मामांनी सिमेंटचा उतार करून घेतलाय, खुर्ची अंगणात न्यायला. उतार जरा जास्तच झालाय. गवंड्यानं सांगितलं होतं, लांब करा म्हणून, पण अंगणात तेवढी जागा नव्हती. चार वाजता मामा शिवकांतना उन्हाला नेतात. खुर्ची उतारावर ओढ घेते. हाताचा ब्रेक एका बाजूचाच लागतो.

हे लिहीत होते तेवढ्यात दूधवाला येऊन गेला. मी पातेलं आत ठेवून येते तर चादर मोकळी. गंगू उठलेली. बाहेरून मामांचा आवाज.

"वरवंटा कुटं लावतेत का येडे? गोल हाय त्यो. ह्यो घे. ह्यो बघ कसा हाय, एका अंगानं बारीक, एका अंगानं जाड. बारीक अंग चाकाकडं. तुज्या बाबाचाच हाय. ट्रॉलीत असायचा. मी ठिवला व्हता जपून परसात."

मी दारात आले. मामांनी खुर्ची उतारावर घेतली होती, पाठीमागून दोन्ही मुठी पकडून, पाय रोवत. शिवकांतची मान एका बाजूला झुकलेली, कपाळावर विभूती, मांडीवर माझी जुनी चादर. उतार संपतो तिथं गंगू उकिडवी बसली होती. काळा, तिरपा दगड तिनं दोन्ही हातांनी धरला होता. बोटं दगडाच्या पुढं आलेली. एवढीशी बोटं, धुऊनही चटणीनं लाल.

"गंगू, तयार?"

"तयार!"

"बघ हां. चाक आलं, आलं... आता! थांबायच्या आत!"

"गंगे, हात काढ!"

तो माझाच आवाज होता. शेजारच्यांनी सुद्धा खिडकी उघडली. "हात काढ तिथून! चाक थांबू दे आधी! थांबल्यावर लाव, थांबल्यावर!"

मामांनी सगळ्या अंगानं खुर्ची धरली. ती उतार संपता संपता थांबली. गंगू दगड हातात तसाच धरून माझ्याकडं बघत राहिली. तिनं हात काढले नव्हते. चाक वीतभर अंतरावर होतं.

"अगं, मी हाय की धरून," मामा धापा टाकत म्हणाले. "का वरडतीस एवढं? थांबल्यावर लावायचं आसतंय व्हय? थांबल्यावर काय कोनीबी..." ते माझं तोंड बघत होते.

मी तोंड फिरवायला हवं होतं. मला जमलं नाही.

गंगूनं दगड खाली ठेवला. उठली, शिवकांतच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. त्यांच्याकडं वाकून बघितलं. ते उन्हाकडं बघत होते. मग तिनं हात खाली घेतले आणि माझ्याकडं वळली. मामा अजून खुर्ची धरून तसेच उभे होते, मुठी पांढऱ्या पडलेल्या, नजर माझ्यावर.

"आई," गंगू म्हणाली, "बाबानं त्या इमानाला कवा लावला व्हता? थांबायच्या आत, का थांबल्यावर?"